होमरनचा राजा कोण: ७१४, ७५५ की ७६२?

शिरीष_अटलांटा

नमस्कार मंडळी. माझे बाबा गेल्या महिन्यात सांगलीहून आलेत. आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस, गावसकरचे आकडे अजून तोंडपाठ. परवा त्यांना ब्रेव्हजची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, मॅच दाखवायला ट्रुइस्ट पार्क स्टेडियमला घेऊन गेलो. तिथे आत मॉन्युमेंट गार्डन म्हणून भाग आहे, त्यात हँक अ‍ॅरनचा बॅट फिरवतानाचा पुतळा आहे आणि जवळच ७५५ हा भला मोठा आकडा उभा केलाय, तो आकडा बॅटींचाच बनवलेला, बॅटी पण ७५५. बाबांनी मॅचपेक्षा जास्त वेळ तिथेच घालवला.

मी सांगितलं, हे त्यांचे करिअरमधले होमरन. बाबांचा लगेच प्रश्न, "म्हणजे हा विक्रम?" मी म्हटलं नाही, विक्रम बॅरी बाँड्सचा, ७६२. "मग मोडलेल्या विक्रमाचा एवढा मोठा आकडा का उभा केलाय?" मी काहीतरी स्टेरॉईड वगैरे सांगायला लागलो पण त्यांचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. घरी येताना गाडीत म्हणाले की ब्रॅडमनचा २९ शतकांचा विक्रम सुनीलनं मोडला, सचिननं सुनीलचा मोडला, आम्ही तिघांनाही मानतो, मग इथे भांडण कसलं?

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्या मनात होमरनचा राजा कोण आणि का? दोन, पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची पिकनिक आहे, त्यात आईबाप आणि मुलं एकाच टीममध्ये अशी बेसबॉलची क्विझ घ्यायची आहे. इथे वाढलेल्या पोरांना आकडे माहीत असतात, पालकांना नसतात. तर ज्यात नुसता आकडा नाही, मागे गोष्ट आहे, असे प्रश्न सुचवा.

मीनल_के

अरे वा, छान विषय. पण माझ्यासारख्यांसाठी आधी कुणीतरी होमरन म्हणजे नेमकं काय ते सांगा ना, सिक्सच ना?

जुना_बॅटर

मीनलताई, सिक्ससारखाच पण सिक्सपेक्षा खूप महाग. बॉल समोरच्या नव्वद अंशांच्या कोनातच मारायचा, मागे किंवा बाजूला गेला तर फाऊल. त्या कोनातून कुंपणाबाहेर गेला की होमरन, आणि बेसवर (धावायच्या वाटेवरचे चार टप्पे, चौथा म्हणजे घर) जेवढी माणसं उभी असतील ती सगळी बॅटरसकट घरी येतात, म्हणजे एका फटक्यात एक ते चार रन. चार आले की त्याला ग्रँड स्लॅम.

आता महाग का, तर बॅटरला एका मॅचमध्ये चार-पाच वेळाच उभं राहायला मिळतं. सीझन १६२ मॅचचा. त्यात ३० होमरन मारले तर तो चांगला दणकेबाज, ४० म्हणजे फारच भारी, ५० मारणारे थोडे, आणि ६० च्या वर आजवर मोजून काही जण. अ‍ॅरन २३ सीझन खेळला. आता ७५५ ला २३ ने भागून बघा म्हणजे कळेल हे काय प्रकरण आहे.

मीनल_के

३३ च्या आसपास!! बापरे. म्हणजे २३ वर्षं दरवर्षी "चांगला दणकेबाज". धन्यवाद, आता वाचतेय पुढे.

विक्रांत_बेएरिया

मी सरळ सांगतो, ७६२. मी २००१ ला सॅन फ्रान्सिस्कोला आलो, नोकरीचं पहिलं वर्ष, आणि त्याच वर्षी बाँड्सने ७३ मारले, एका सीझनचा विक्रम, जो आजही उभा आहे. तिथल्या स्टेडियमच्या उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे खाडी आहे, मॅकोव्ही कोव्ह. लोक छोट्या होड्या घेऊन पाण्यात तरंगत बसायचे, बाँड्सचा बॉल पडला की त्याच्यावर झडप. त्याने असे ३५ पाण्यात घातले.

आणि नुसते होमरन बघू नका. लोक त्याला बॉलच टाकायला तयार नसायचे. २००४ मध्ये त्याला २३२ वेळा वॉक मिळाला, म्हणजे चार बॉल बाहेरचे आणि जा पहिल्या बेसवर फुकट. त्यातले १२० तर मुद्दाम, उघड उघड. उरलेल्या ३७३ टर्नमध्ये त्याने ४५ होमरन मारले. ३९-४० वर्षांचा होता!

माझा क्विझचा प्रश्न हा घ्या. २८ मे १९९८, अ‍ॅरिझोना ८-६ ने पुढे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आऊट (तिसऱ्यावर संपते), तिन्ही बेस भरलेले आणि बाँड्स आला. अ‍ॅरिझोनाच्या मॅनेजरने काय केलं? उत्तर: त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे स्वतःहून एक रन दान केला, ८-७ करून घेतले, पण बाँड्सला बॅट फिरवू दिली नाही. पुढचा बॅटर आऊट झाला आणि अ‍ॅरिझोना जिंकली. ज्याच्यासाठी समोरचा कॅप्टन हातातला रन सोडून देतो तो राजा नाही तर कोण?

चिंतामणी_कोल्हापूर

विक्रांतराव, तुमचं हे मुद्दाम वॉक वाचून मला एकदम आमचे भाऊसाहेब निंबाळकर आठवले, आणि थोडं विषयांतर होईल पण सांगतोच. डिसेंबर १९४८, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजीची मॅच. भाऊसाहेब ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२ पासून नऊ रन लांब. लंच झाला, आणि काठियावाडचे लोक परत मैदानात उतरलेच नाहीत, सामना सोडून निघून गेले. ४४३ चे ४४३ च राहिले. भाऊसाहेब अधिकृत कसोटी एकदाही खेळले नाहीत. आमचे वडील हे सांगताना प्रत्येक वेळी "नऊ रन" म्हणून बोटं दाखवायचे, दोन्ही हातांची मिळून नऊ, आणि अंगठा दुमडलेला.

म्हणून मला वाटतं, ज्याला खेळूच दिलं नाही त्याचा आकडा कमी दिसला तरी माणूस कमी होत नाही. बाँड्सचा मी चाहता नाही, पण ते वॉक वाचून वाईट वाटलं.

ओंकार_न्यूयॉर्क

चिंतामणीकाका, काय गोष्ट सांगितलीत. ती दुमडलेल्या अंगठ्याची तर विसरणार नाही.

पण मंडळी, रूथला सोडून कसं चालेल? ७१४ हा आकडा आज तिसरा दिसतो, पण तो माणूस आला तेव्हा होमरन मारणं ही चालच नव्हती. १९२० मध्ये बेब रूथने एकट्याने ५४ मारले, त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या एकाही अख्ख्या टीमचे तेवढे नव्हते. १९२७ मध्ये ६०, तेव्हाही तेच, बाकी सातपैकी कुठल्याही टीमपेक्षा एकटा रूथ जास्त. आज कुणी असं करायचं म्हटलं तर त्याला शेकड्यांनी होमरन मारावे लागतील.

शिवाय तो आधी पिचर, म्हणजे बोलर! ९४ मॅच जिंकलेला पिचर. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, त्याने सलग साडेएकोणतीस इनिंगच्या वर एकही रन दिला नव्हता, हा त्याचा विक्रम ४० च्यावर वर्षं टिकला. आणि गंमत बघा, तो मोडला १९६१ मध्ये व्हायटी फोर्डने, आणि त्याच १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने त्याचे ६० मोडून ६१ केले. दोघंही यांकीच, म्हणजे रूथ ज्या न्यूयॉर्कच्या टीमकडून गाजला तिचेच. एका वर्षात एकाच माणसाचा बोलिंगचा आणि बॅटिंगचा विक्रम मोडला गेला. हा प्रश्न क्विझमध्ये नक्की घ्या.

शिरीष, बाबांना हे पण सांग की १९३२ मध्ये ब्रॅडमन न्यूयॉर्कला आला होता तेव्हा यांकी स्टेडियमवर तो आणि रूथ शेजारी बसून मॅच बघत होते. त्यांना आवडेल.

सुलभा_मिलवॉकी

मी १९७९ पासून मिलवॉकीत आहे त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. :) अ‍ॅरनने सुरुवात इथेच केली, १९५४ ला, तेव्हा ब्रेव्हज मिलवॉकीत होते. शेवटही इथेच, ब्रुअर्सकडून. ७५५वा होमरन २० जुलै १९७६ ला आमच्या काउंटी स्टेडियममध्ये मारला. मी आले तेव्हा तो निवृत्त होऊन तीनच वर्षं झाली होती आणि माझ्या पहिल्या ऑफिसातले लोक जेवणाच्या सुट्टीत अजून त्याच्याबद्दल बोलायचे. मला बेसबॉल त्या टेबलावर समजला.

त्या लोकांनी मला जे शिकवलं ते सांगते. अ‍ॅरनने एका सीझनमध्ये कधीही ५० मारले नाहीत. सर्वात जास्त ४७, तेही १९७१ मध्ये, ३७व्या वर्षी. पण सलग २० सीझन त्याने २० किंवा जास्त मारले. म्हणजे एखादी सून जशी रोज न चुकता पाच वाजता उठून सगळं घर चालवते आणि तिचं नाव कुणी घेत नाही, आणि वीस वर्षांनी हिशेब केला की सगळे थक्क होतात, तसं. आणखी एक, त्याचे एकूण हिट्स (बॉल मारून बेस गाठला असे फटके, होमरन धरून) ३,७७१. त्यातून सगळेच्या सगळे ७५५ होमरन वजा करा, तरी ३,०१६ उरतात. होमरन न मारताही तो तीन हजार हिट्सच्या पंक्तीत बसतो!

क्विझसाठी: त्याच्या पाठीवर ४४ नंबर. त्याने एका सीझनमध्ये बरोब्बर ४४ होमरन किती वेळा मारले? चार वेळा. १९५७, १९६३, १९६६, १९६९.

निनाद७

सुलभाताई, सुनेचं उदाहरण एकदम पटलं. माझ्या आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या बाईंना माझा नमस्कार सांग.

मला एक शंका. अटलांटाच्या जुन्या स्टेडियमला लाँचिंग पॅड म्हणायचे ना, उंचीवर असल्यामुळे बॉल लांब जायचा? मग अ‍ॅरनचा आकडा थोडा फुगलेला नाही का?

सुलभा_मिलवॉकी

निनाद, आईंना माझाही नमस्कार. शंका बरोबर आहे, पण सगळ्या करिअरचा हिशेब बघ. घरच्या मैदानांवर ३८५, बाहेर ३७०. जवळपास सारखेच. मिलवॉकीतलं मैदान बॅटरला फारसं अनुकूल नव्हतं, तिथे जे कमी झाले ते अटलांटात भरून निघाले असं म्हण.

प्रसाद_डॅलस

मी बाँड्सच्या विरोधात नाही पण विक्रांत, बॅल्को प्रकरण (खेळाडूंना स्टेरॉईड पुरवणारी कंपनी) सोडून कसं बोलायचं? ३५ वर्षांपर्यंत ज्याने एका सीझनमध्ये कधी ५० मारले नाहीत तो ३७व्या वर्षी ७३ मारतो. म्हणूनच लोकांच्या मनात शंका आहे. २०२२ मध्ये हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंची मानाची यादी) मतदानात त्याचं दहावं आणि शेवटचं वर्ष होतं, ६६ टक्के मतं मिळाली, लागतात ७५. सात वेळा एमव्हीपी, म्हणजे लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, झालेला माणूस बाहेर आहे, ह्याला काहीतरी कारण आहे.

विक्रांत_बेएरिया

प्रसाद, मी ते सोडून बोलत नाही. पण लीगने त्याला कधी निलंबित केलं नाही, कोर्टातली एकमेव शिक्षा २०१५ मध्ये रद्द झाली, आणि त्या काळात औषधं घेणारे पिचर पण होते की. स्टेरॉईड पकडून शिक्षा करायची पद्धतच २००४ पासून सुरू झाली. मार्क मॅग्वायरने १९९८ मध्ये ७० मारले तेव्हा अख्खा देश नाचत होता, २०१० मध्ये त्याने स्वतः कबूल केलं. तेव्हा नाचणाऱ्यांनी नंतर सगळा राग एका माणसावर काढावा हे मला बरोबर वाटत नाही. आणि तूच म्हणतोस ३७व्या वर्षी ७३ कसे, तर सुलभाताईंनी आत्ताच सांगितलं अ‍ॅरनचा सर्वोत्तम सीझन पण ३७व्या वर्षीच होता.

प्रसाद_डॅलस

४७ आणि ७३ मध्ये फरक आहे रे. पण एका माणसावर राग काढला हे मान्य.

ओंकार_न्यूयॉर्क

त्या ७५६व्या बॉलची गोष्ट माहितीये का सगळ्यांना? ७ ऑगस्ट २००७, बाँड्सने अ‍ॅरनला मागे टाकलं. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर अ‍ॅरनचा अभिनंदनाचा निरोप दाखवला. पुढे तो बॉल लिलावात मार्क एको नावाच्या फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरच्या वर देऊन घेतला आणि लोकांना ऑनलाइन विचारलं ह्याचं काय करू. लोकांनी मत दिलं की त्याच्यावर चांदणी मारा, म्हणजे विक्रमापुढे शंकेची खूण. तो चांदणीवाला बॉल आज हॉल ऑफ फेमच्या म्युझियममध्ये आहे. बाँड्स स्वतः बाहेर, बॉल आत.

रेवती_पुणे

मी इथे पुण्यातून, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली त्यामुळे थोडंफार समजतं. एक वेगळा मुद्दा मांडू का. राजा म्हणताना तुम्ही सगळे अमेरिकेतच फिरताय. जपानचा सादाहारू ओह, ८६८ होमरन! २२ सीझन, सगळे योमिउरी जायंट्सकडून, आणि तेव्हा तिथला सीझन फक्त १३० ते १४० मॅचचा. डावखुरा, बॉल यायच्या आधी उजवा पाय गुडघ्यात वाकवून वर घ्यायचा आणि एका पायावर बगळ्यासारखा उभा राहायचा. त्याच्या कोचने त्याला तलवार देऊन छताला टांगलेला कागद कापायचा सराव करायला लावला होता. नुसता कागद, दोऱ्याने लटकलेला. जोर लावला तर कागद उडून जातो, कापला जात नाही. बरोबर जागी, बरोबर कोनात पातं आलं तरच कापला जातो. मी हे वाचल्यावर गच्चीवर वर्तमानपत्र टांगून बॅटने करून बघितलं होतं, कागद फक्त गिरक्या घेतो.

१९७४ मध्ये टोकियोत ओह आणि अ‍ॅरन यांची होमरनची स्पर्धा झाली होती, अ‍ॅरन १०-९ ने जिंकला.

जुना_बॅटर

रेवती, वा! ह्यातूनच एक भन्नाट प्रश्न निघतो. अ‍ॅरन आणि ओह, दोघांच्याही टीममध्ये खेळलेला माणूस कोण? डेव्ही जॉन्सन. १९७३ मध्ये अटलांटात अ‍ॅरनबरोबर, मग १९७५-७६ ला योमिउरीत ओहबरोबर. आणि त्या १९७३ मध्ये जॉन्सन ४३, डॅरेल इव्हान्स ४१, अ‍ॅरन ४०, एका टीमचे तीन जण चाळीसच्या घरात, असं आधी कधीच झालं नव्हतं. त्यात अ‍ॅरन ३९ वर्षांचा.

पण ओहच्या बाबतीत एक गोष्ट खुपते. त्याचा एका सीझनचा ५५ चा विक्रम होता. १९८५ मध्ये रँडी बास ५४ वर आला, शेवटची मॅच जायंट्सविरुद्ध, आणि जायंट्सचा मॅनेजर खुद्द ओह. पिचरनी बासला वॉकवर वॉक दिले. चिंतामणीकाकांच्या काठियावाडसारखंच. तो विक्रम शेवटी २०१३ मध्ये बॅलेंटिनने ६० मारून मोडला.

चिंतामणी_कोल्हापूर

म्हणजे हे दुखणं सगळीकडचं आहे तर. असो. एवढा मोठा खेळाडू, त्याच्या टीमनं असं करायला नको होतं.

गोदाकाठ

सगळे मोठमोठे आकडे वाचले पण एक नाव कुणीच घेतलं नाही. जॉश गिब्सन. काळ्या खेळाडूंना मेजर लीगची (आपण बोलतोय ती मुख्य लीग) दारं बंद होती तेव्हाचा, नीग्रो लीगमधला कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या पाटीवर लीग आणि इतर सामने मिळून जवळजवळ ८०० होमरन असं लिहिलंय. जानेवारी १९४७ मध्ये वारला, ३५ वर्षांचा. आणि एप्रिल १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगच्या डॉजर्स टीमकडून उतरला आणि दार उघडलं. तीन महिने!

२०२४ मध्ये नीग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत धरले तेव्हा करिअरच्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये (टर्नमागे हिट्सचं प्रमाण) .३७२ ने गिब्सन पहिला आला, टाय कॉबचा .३६७ मागे पडला. म्हणून ओंकार, रूथला मान आहेच, पण त्याने ज्या पिचरना मारलं त्यात काळा एकही नव्हता. ते सगळे पिचर समोर असते तर ७१४ किती झाले असते ते बाजूला राहू दे, पण गिब्सनला संधी मिळाली असती तर आपण आज तीन आकड्यांवर नाही, चारवर बोललो असतो.

ओंकार_न्यूयॉर्क

गोदाकाठ, शंभर टक्के मान्य. ह्यावर मी वाद घालणारच नाही.

स्वाती_न्यूजर्सी

विषय सोडून थोडं, चालेल ना? माझा मुलगा नऊ वर्षांचा, लिटल लीगला घातलाय. उन्हाळ्यात नाशिकला आजोबांकडे क्रिकेट खेळून आला आणि आता बॅट खाली टेकवून उभा राहतो, कोच दरवेळी खांदा वर, खांदा वर ओरडतात. मुलगा रडकुंडीला आला होता. कुणाला अनुभव आहे का, हे आपोआप सुटतं का?

सुलभा_मिलवॉकी

स्वाती, सुटतं गं. आणि त्याला अ‍ॅरनची गोष्ट सांग. मोबाईल, अलाबामा इथे वाढला, घरात पैसे नाहीत, झाडूच्या दांड्याने बाटल्यांची बुचं मारून सराव करायचा. आणि बॅट उलटी धरायचा, उजव्या हाताचा असून डावा हात वर. तशा उलट्या हातांनीच नीग्रो लीगमधल्या इंडियानापोलिस क्लाउन्सपर्यंत पोचला, मग हात सुलटे केले. तुझ्या लेकाचा नुसता खांदाच खाली आहे!

स्वाती_न्यूजर्सी

ताई, सांगितलं. आता अंगणात सोड्याची बुचं आणि झाडू घेऊन बसलाय, आजोबांना व्हिडिओ कॉलवर दाखवतोय. तुमचे खूप आभार.

निनाद७

क्विझसाठी माझ्याकडून पटापट:

सॅमी सोसाने तीन वेगवेगळ्या सीझनमध्ये ६० च्या वर मारले, ६६, ६३, ६४. त्यातल्या किती वर्षी तो लीगमध्ये पहिला आला? एकदाही नाही! दोनदा मॅग्वायर पुढे, एकदा बाँड्स. ज्या वर्षी ५० मारले त्या वर्षी मात्र पहिला.

एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँड स्लॅम कोणी मारले, तेही एकाच पिचरला? फर्नांडो टाटिस, १९९९. आत्ता खेळतो त्या टाटिसचे वडील.

बापलेकांनी एकाच टीमकडून लागोपाठ होमरन? केन ग्रिफी सीनियर आणि ज्युनियर, सप्टेंबर १९९०. ही मुलांना आणि बाबांना एकत्र विचारा.

ओहतानीचं तर सगळ्या पोरांना माहीतच आहे, २०२४ मध्ये ५४ होमरन आणि ५९ बेस चोरले (बॉल मारला नसताना पळून पुढचा बेस गाठला). पण पालकांना विचारा की ज्या दिवशी पन्नास-पन्नास झालं त्या दिवशी त्याने किती होमरन मारले. तीन, सहापैकी सहा हिट्स, १० रन आणले. एका दुपारी!

ओंकार_न्यूयॉर्क

अजून एक, रूथचे खरं तर ७१५ होते का? १९१८ मध्ये बोस्टनला दहाव्या इनिंगला ०-० असताना त्याने बॉल प्रेक्षकांत घातला. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे जिंकायचा रन आला की मॅच तिथेच संपली, आणि पहिल्या बेसवरच्या माणसाला घरी यायला तीनच बेस लागतात म्हणून रूथच्या नावावर तीन बेसचा हिट लिहिला, होमरन नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी एका समितीने तो होमरन धरायचं ठरवलं, म्हणजे ७१५, आणि मग निर्णय परत फिरवला. तसंच राहिलं असतं तर अ‍ॅरनला ७१६ मारावे लागले असते.

शिरीष_अटलांटा

मंडळी, काय सांगू, किती भरभरून लिहिलंत. दोन दिवस ऑफिसात होतो पण संध्याकाळी बाबांना एकेक प्रतिसाद वाचून दाखवत होतो. निंबाळकरांचं वाचल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले चिंतामणरावांना सांग, आमच्याही घरी असेच नऊ मोजायचे.

आता मूळ प्रश्न. सुलभाताई आणि गोदाकाठ यांचं वाचून मी अ‍ॅरनच्या ७१५ची पूर्ण गोष्ट शोधून वाचली आणि बाबांना सांगितली. १९७३चा सीझन संपला तेव्हा तो ७१३ वर होता. रूथच्या ७१४ ला एक कमी. अख्खा हिवाळा थांबायचं. बाबा लगेच म्हणाले, सचिन नागपूरला ९९वं केल्यावर वर्षभर अडकला होता, तसं. मी म्हटलं बाबा, तसं नाही. त्या हिवाळ्यात त्याला ढीगभर पत्रं येत होती, त्यातली कितीतरी ठार मारू अशी, कारण एक काळा माणूस रूथचा विक्रम मोडणार होता. मुलगी कॉलेजात होती, तिच्यावरही पोलीस नजर ठेवून होते. त्याच्याबरोबर कायम एक पोलीस.

मग एप्रिल. सिनसिनाटीत सीझनच्या पहिल्याच स्विंगला ७१४. आणि ८ एप्रिल १९७४ ला घरी, अटलांटात. पहिल्यांदा आला तेव्हा डॉजर्सच्या अल डाउनिंगने वॉक दिला, लोकांनी आरडाओरडा केला. चौथ्या इनिंगला पहिला बॉल बाहेर, दुसऱ्यावर त्याने मारला, डावीकडे कुंपणापलीकडे, आपल्याच टीमच्या पिचरच्या हातात. तो धावत असताना प्रेक्षकांतून दोन तरुण पोरं मैदानात उतरली आणि त्याच्या बाजूने पळायला लागली, पाठ थोपटायला. पत्रं माहीत असलेल्या माणसांच्या पोटात तेव्हा गोळा आला असणार. आणि घरी पोचल्यावर त्याची आई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने त्याला अशी घट्ट मिठी मारली की सोडेचना.

मी तो व्हिडिओ बाबांना दाखवला. त्यांनी आईचा भाग परत लावायला सांगितला. दोनदा. मग म्हणाले, "त्या बाईनं विक्रमासाठी नाही धरलं त्याला." थोड्या वेळाने म्हणाले आता कळलं तो आकडा तिथे का उभा केलाय. ७६२ वहीत असू दे, तो खराच आहे, विक्रांतचं म्हणणं मला पटलं. पण हा त्या गावचा आकडा आहे.

माझंही उत्तर तेच झालं.

विक्रांत_बेएरिया

शिरीष, काकांना नमस्कार सांग. मी माझं ७६२ सोडत नाही पण हे वाचून डोळे भरले. पुढच्या वेळी त्यांना इकडे आणा, खाडीवर होडीत बसू.

मीनल_के

तीन दिवसांपूर्वी मला होमरन माहीत नव्हता. आत्ता नवऱ्याला विचारत होते की मॅरिसचे ६१ आणि यांकींच्याच जजचे ६२ ह्यात किती वर्षं गेली. ६१ वर्षं गेली! १९६१ ते २०२२. हा प्रश्न माझ्याकडून घ्या.

शिरीष_अटलांटा

मीनलताई, घेतला. क्विझचे प्रश्न तयार झाले, २४ आहेत, पण बाबांनी पहिला प्रश्न बदलायला लावला. व्हिडिओ बघताना त्यांचं लक्ष पिचरकडे होतं. त्यांनी विचारलं, ज्याच्या बॉलवर गेला त्याचं पुढे काय झालं, त्याला लोकांनी त्रास दिला का? स्वतः ऑफस्पिन टाकायचे ना. म्हणाले पहिला प्रश्न बोलरवर ठेव. म्हणून आता पहिला प्रश्न असा: अ‍ॅरनच्या पाठीवर ४४ नंबर होता, त्या रात्री समोरच्या अल डाउनिंगच्या पाठीवर कोणता होता?

जुना_बॅटर

४४च! आणि बाबांना सांगा, हा डाउनिंग साधासुधा नव्हता, १९७१ मध्ये २० मॅच जिंकलेला डावखुरा पिचर. उत्तर वाचताना ते पण वाचा.

शिरीष_अटलांटा

सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हाताने कार्डावर लिहिलंय, "डावरा. २० जिंकले."